द्राक्षाचा अंश आढळला

पाहणे

डोंगराच्या उतारावरच्या एका मळ्यात द्राक्षांपासून वाइन तयार केली जात असे. यात कोणाला काही आक्षेपार्ह वाटत नव्हतं. हे आधीच नोंदवून ठेवलेलं बरं, कारण पुढे ते तसं राहिलं नाही.

मळा देखणा होता. खाली दरी, समोर एकामागे एक निळ्या रांगा, आणि उतारावर वेलींच्या ओळी अशा, की कुणी डोंगराचा भांग पाडून दिलाय. वरच्या टोकाला दगडी इमारत. तिच्या पोटात तळघर, डोक्यावर गच्ची. पाहुणे बसमधून उतरत, गच्चीवर जात, डोंगराकडे पाठ करून उभे राहत आणि स्वतःचा फोटो काढत. डोंगर मागे ताटकळत असे. मग हातात पेला येई. पाहुणे तो गोल गोल फिरवत. का फिरवायचा हे कुणालाच ठाऊक नव्हतं, पण न फिरवणाऱ्याकडे बाकीचे ज्या नजरेनं बघत, त्यापेक्षा फिरवणं सोपं होतं.

मळा ताई चालवायची. वाइन करायचा तिचा धाकटा भाऊ. त्याला घरात लहानपणापासून बूच म्हणत, कारण त्याच्या तोंडून शब्द काढायचा तर पिळून आणि ओढून काढावा लागे. एकदा निघाला की मात्र परत आत बसत नसे. म्हणून बुचाला फारसं कुणी छेडत नव्हतं.

वरच्या उतारावरच्या वेली त्यांच्या वडिलांनी अगदी म्हातारपणी लावल्या होत्या. "ह्या वयात वेली? फळ कोण खाणार?" असं लोक विचारत, तेव्हा ते म्हणत, "खायचं नाही, प्यायचंय." वाइनबद्दल त्यांचं एवढंच मत होतं की ती प्यायल्यावर द्राक्ष खाल्ल्यासारखं वाटलं पाहिजे. त्यांच्या हयातीत ते जमलं नाही. बुचाला यंदा जमलं. तळघरात पिंपाशी उभं राहून त्यानं घोट घेतला आणि तडक वर जाऊन ताईला म्हणाला, "बाबांची झाली."

ताई खाली आली. तिनं घोट घेतला, बाहीनं डोळे पुसले आणि तळघरात धूळ फार झालीय म्हणाली.

मागोमाग ताईचे यजमान आले. बूच त्यांना दाजी म्हणायचा. दाजी शब्दांचे माणूस. पूर्वी ते साबणाच्या जाहिराती लिहीत. एका साबणाला त्यांनी 'पहाटेचा पुनर्जन्म' म्हटलं होतं. तेव्हापासून तो साबण आंघोळीत लावायचा की मेल्यावर, याबद्दल लोकांत संभ्रम होता. दाजींनी घोट घेतला, जीभ फिरवली आणि चिंतेत पडले.

"छान आहे. पण ही द्राक्षासारखी लागते रे."

"हो," बूच म्हणाला.

"मग लोकांना सांगायचं काय?"

दाजी खोलीत जाऊन बसले आणि संध्याकाळी बाटलीवरचा मजकूर घेऊन बाहेर आले. तो असा होता:

*ओल्या दगडाचा पहिला स्पर्श. मग जुन्या चामड्याची ऊब. मध्येच पिकल्या नाशपातीची कुजबुज. आणि घोट उतरल्यावर मागे रेंगाळणारा पहाडी एकांत.*

बुचानं ते वाचलं. उलटून मागेही पाहिलं.

"दाजी, वाइन कुठंय ह्यात?"

"अरे, ती बाटलीत आहे की. बाटलीवर परत कशाला?"

थुंकणे

(चाखण्याच्या शिस्तीत ही पायरी शेवटी येते. पण साहेब घाईत होते.)

साहेब वर्णन-वस्तू अनुरूपता विभागाचे; बाटल्यांवर मजकूर चढला तसे ते तपासणीला मळ्यावर आले. विभागाचा हेतू उदात्त होता: जे लिहिलंय, ते असलं पाहिजे. याच न्यायानं साहेबांनी पूर्वी 'आईच्या मायेने भरलेली' एक गादी जप्त केली होती, कारण त्या कारखान्यात एकही आई कामाला नव्हती. साहेबांना बारमाही सर्दी होती. विभागात ही पात्रता समजली जाई; नाक मोकळं असलं की माणूस वासावरून मत बनवतो आणि कागद वाचत नाही.

साहेबांनी घोट घेतला, तोंडात घोळवला, समोरच्या भांड्यात थुंकले आणि रुमालानं मिशी पुसली.

"दगड कुठे आहे?"

"कुठला दगड?" ताईनं विचारलं.

"ओला."

ताईनं दाजींकडे पाहिलं. दाजी दरीकडे पाहू लागले. दरी खरोखरच पाहण्यासारखी होती.

"साहेब, तसं बोलायची पद्धत असते," ताई म्हणाली. "म्हणजे चव दगडासारखी, असं."

"बाई, 'सारखी' हा शब्द मला दाखवा." साहेबांनी बाटली तिच्यासमोर धरली. "इथं लिहिलंय, ओल्या दगडाचा स्पर्श. मी पूर्ण घोट घेतला. मला कुठेही दगड लागला नाही. सुदैवानं दातही शाबूत आहेत, त्यामुळे दगड नसल्याचा पुरावा माझ्या तोंडातच आहे."

"मग आम्ही लेबल बदलतो," ताई म्हणाली. व्यवहारी बाई होती. तिला वाटलं, विषय संपला.

साहेब इतक्या कनवाळूपणे हसले, की ताई घाबरली.

"वर्णन मागे घेता येत नाही. मागे घेतलंत, म्हणजे ते खोटं होतं ही कबुली झाली. मग मळ्याला टाळं, आणि तळघरातली सगळी पिंपं गटारात. वर्णन कायम असतं, बाई. वस्तूत मात्र सुधारणा करता येते. आमचा विभाग छळणारा नाही, सुधारणारा आहे."

"सगळी पिंपं?" बुचानं विचारलं. तो दाराशी उभा होता. साहेबांना तोवर तो खांब वाटला होता.

"सगळी."

बूच खाली गेला आणि बाबांच्या पिंपावर हात ठेवून उभा राहिला. मग मागच्या ओढ्यावर जाऊन त्यानं एक गुळगुळीत दगड उचलला, धुतला, पुसला आणि पिंपात सोडला. डुबुक असा आवाज झाला. एका दगडानं वाइन वाचत असेल, तर दगडाला काय हरकत आहे, असं त्याला वाटलं. प्रत्येक गोष्टीची सुरुवात याच वाक्यानं होते.

हुंगणे

"दगड आहे," साहेब पुढच्या भेटीत म्हणाले. "पण पुसून टाकलात असं कळतं. ओला कुठे राहिला?"

"साहेब, तो वाइनमध्ये बुडालाय," दाजी म्हणाले.

"म्हणजे ओला. ठीक. आता चामडं."

चामडं जुनं हवं होतं. नवं चालणार नव्हतं. 'जुन्या' या शब्दाखाली साहेबांनी पेन्सिलीनं रेघ मारली होती. घरात शोधाशोध झाली. ताईनं कपाटाच्या तळातून बुटांचा एक जोड काढला आणि टेबलावर ठेवला.

"हे लग्नातले. ह्यांचे."

"जुने असल्याची खात्री काय?" साहेबांनी विचारलं.

"माझ्याकडे बघा," ताई म्हणाली.

साहेबांनी बघितलं आणि खात्री झाल्याची नोंद केली.

"अगं, ते मी जपून ठेवलेत," दाजी हळूच म्हणाले.

"मीही बरंच काही जपून ठेवलं होतं. मजकूर कुणी लिहिला? ज्याचे शब्द त्याचे बूट. बूच, घे रे."

डावा बूट पिंपात गेला. उजवा राखीव ठेवला. एका हंगामावर मळा थांबत नसतो. बूट तरंगू लागला. बुचानं तो काठीनं खाली दाबला, तो परत वर आला. शेवटी त्यात दगड घालून तो बुडवावा लागला, आणि दोन तरतुदींचं पालन एकाच कृतीत केल्याबद्दल साहेबांनी मळ्याचं कौतुक केलं.

बुचानं त्या दिवशी पिंपातली वाइन चाखली. अजून द्राक्ष होतं. खूप मागे गेलं होतं, गर्दीत आपलं माणूस हरवावं तसं, पण होतं. बूट पडायच्या आधी भरून ठेवलेली एक बाटली त्यानं कुणाला न सांगता बूच लावून आपल्या पलंगाखाली ठेवली.

ऐकणे

(ही पायरी चाखण्यात नसते. विभागानं ती खास वाढवून दिली.)

साहेबांनी बाटलीच्या तोंडाला कान लावला. बराच वेळ लावून ठेवला. गच्चीवरच्या पाहुण्यांना वाटलं, वाइन चाखायची ही नवी रीत आहे. दुसऱ्या दिवसापासून निम्मे पाहुणे पेला कानाला लावू लागले.

"कुजबुज ऐकू येत नाही," साहेब म्हणाले.

"साहेब, ती तुम्हाला ऐकू आली, तर कुजबुज कसली?" दाजी म्हणाले.

साहेब विचारात पडले. नोकरीत पहिल्यांदाच कुणी त्यांना त्यांच्याच भाषेत उत्तर दिलं होतं.

"हे ग्राह्य आहे. पण कुणाबद्दल?"

"काय कुणाबद्दल?"

"कुजबुज कुणाबद्दल तरी असते. आणि एकटी नाशपाती कुजबुजणार कुणाशी? किमान दोन हव्यात."

"टाक रे दोन," ताई म्हणाली. "आणि साहेब, पिकलेल्या आहेत. ह्या वयात शेजारणींबद्दलच बोलणार. लिहा तसं."

साहेबांनी 'विषय: शेजारीण (एकाहून अधिक)' असं लिहिलं.

राहिला पहाडी एकांत. पहाड होता. एकांताची मात्र पंचाईत होती, कारण दाजींच्या मजकुरामुळे मळ्यात बसगाड्यांची रांग लागली होती आणि लोक एकांत अनुभवायला घोळक्यानं येत होते. पिंपं तळघराच्या टोकाच्या खोलीत हलवण्यात आली आणि दार लावून घेण्यात आलं. साहेबांनी दार उघडून पाहिलं.

"कुणीच नाही इथं."

"एकांत आहे म्हणून," ताई म्हणाली.

"बाई, कुणीच नसेल, तर ती रिकामी खोली. एकांताला एकटं माणूस लागतं. ते कोण?"

सगळ्यांनी बुचाकडे पाहिलं. असं पाहिलं, की जणू गेली कित्येक वर्षं तो याच जागेसाठी उमेदवारी करत होता.

"तो नाहीतरी बोलत नाही," दाजी म्हणाले.

अशा रीतीनं बुचाची एकांत या पदावर नेमणूक झाली. पिंपापाशी स्टूल टाकून त्यानं कामाच्या वेळेत एकटं बसायचं होतं. सुरुवातीला तो बाबांच्या वाइनशेजारी बसतोय या समाधानात बसला. मग साहेबांनी तपासणीत विचारलं, "काय वाटतंय?" बूच म्हणाला, "बरं वाटतंय." तेव्हा साहेबांनी त्याला समज दिली की, लेबलवरचा एकांत रेंगाळणारा आहे, बरा वाटणारा नाही. तेव्हापासून बूच रेंगाळू लागला.

घोट

नमुना प्रयोगशाळेत गेला आणि अहवाल आला. साहेब स्वतः घेऊन आले. चेहरा गंभीर होता. गच्चीवर टेबलाशी ताई, दाजी आणि खास परवानगीनं एकांतातून बाहेर काढलेला बूच असे बसले. साहेबांनी मोठ्यानं वाचलं.

"दगड, समाधानकारक. चामडं, समाधानकारक, जुनेपण वाखाणण्याजोगं. नाशपाती, दोन, परस्परांशी संबंध चांगले. एकांत, पुरेसा." साहेबांनी नाक ओढलं. "द्राक्षाचा अंश आढळला."

खाली वेलींच्या ओळी वाऱ्यानं हलत होत्या, म्हणजे मुद्देमाल डोळ्यांसमोर होता.

"अहो, वाइन आहे ती," ताई म्हणाली. "द्राक्षाचीच असते."

"हे तुम्ही तोंडी सांगताय. बाटलीवर द्राक्ष हा शब्द नाही."

"साऱ्या जगाला माहीत असतं."

"साऱ्या जगाला माहीत असतं, ते तुम्ही का लपवलंत?"

ताई नवऱ्याकडे वळली. "तुम्ही द्राक्ष का नाही लिहिलंत हो?"

"फार ढोबळ झालं असतं," दाजी म्हणाले. "द्राक्षाच्या वाइनला द्राक्षाची म्हणायचं? मग मी कशाला हवा?"

"आता लिहू," ताई म्हणाली.

"भर घालता येत नाही," साहेब म्हणाले. "भर घालणं म्हणजे आधीचं अपुरं होतं ही कबुली. घाबरू नका. मी मुद्दाम सौम्य शब्द वापरलाय, भेसळ म्हटलेलं नाही. द्राक्षाचा अंश तेवढा काढून टाका. बाकीची वाइन तुमचीच आहे."

बुचाच्या तोंडून शब्द निघाला. "बाकीची म्हणजे?"

"दगड, बूट आणि नाशपात्या," साहेब म्हणाले. ते थट्टा करत नव्हते. त्यांना ती येतच नव्हती.

"ताई, बाबांची आहे ती."

ताईनं गच्चीभर पाहिलं. पाहुणे पेले कानाला लावून उभे होते. फाटकाशी आणखी एक बस वळत होती. तिनं बुचाच्या दंडावर हात ठेवला.

"बूच, मळा राहिला, तर बाबा राहिले ना? एवढं एकदा कर."

पिंपं उताराच्या कडेला नेऊन उपडी केली. बुचानंच केली, दुसऱ्या कुणाला त्यानं हात लावू दिला नाही. वाइन उतारावरून वाहत वरच्या वेलींच्या मुळांशी गेली आणि मुरली. वेलींनी आपलंच फळ परत पिऊन टाकलं. प्यायल्यावर त्यांना काय वाटलं, याची नोंद विभागाकडे नाही.

मग पिंपात पाणी भरलं. दगड ओला झाला. चामड्यानं रंग सोडला. नाशपात्यांनी जे काही म्हणायचं ते म्हटलं. बूच शेजारी रेंगाळला. वाइन तयार झाली.

त्या वर्षीच्या स्पर्धेत तिला सुवर्णपदक मिळालं. मुख्य परीक्षकांनी पेला उजेडाकडे धरला, डोळे मिटले आणि सांगितलं, "चामड्याला इतका न्याय आजवर कुणीही दिला नव्हता. यात डाव्या पायाचा ठामपणा आहे." दाजींना रडू आलं. पुढच्या हंगामासाठी उजवा बूट कपाटातून निघाला आणि त्याबद्दल जाणकारांत आत्तापासून कुतूहल निर्माण झालं.

वेलींचं काय करायचं, हा प्रश्न साहेबांनीच सोडवला. लेबलवरच्या चित्रात वेलींच्या ओळी होत्या. म्हणून ओळी राहणार. चित्रात घड नव्हते. म्हणून घड राहणार नाहीत. बुचाला त्याच्या एकांतातून रोज थोडी सूट मिळाली. त्या वेळात तो कात्री घेऊन वरच्या उतारावर जाई आणि हिरवे, कडक, मटारएवढे घड कापून खाली टाकी. गच्चीवरून ते फार सुंदर दिसे. त्याचेही फोटो निघत.

उरलेली चव

एका दुपारी बूच पलंगाखालची बाटली कोटात लपवून गच्चीवर आला. चव कुणाला तरी कळली पाहिजे, कुणा एकाला, एवढंच त्याच्या मनात होतं. त्यानं पाहुण्यांवरून नजर फिरवली. सगळे डोंगराकडे पाठ करून उभे होते. कठड्याच्या टोकाला एकजण मात्र डोंगराकडे तोंड करून उभा होता. फोटो काढत नव्हता. नुसता बघत होता. बुचाला वाटलं, हाच.

त्यानं बूच काढलं, पेल्यात थोडी ओतली आणि पाहुण्यासमोर धरली. पाहुण्यानं पेला फिरवला नाही, कानाला लावला नाही. सरळ प्यायला. आणि त्याच्या चेहऱ्यावर जे आलं, ते बुचानं याआधी फक्त ताईच्या चेहऱ्यावर पाहिलं होतं, तळघरात धूळ फार होती त्या दिवशी.

"ही," पाहुणा हळू आवाजात म्हणाला, "द्राक्षासारखी लागते."

"हो," बूच म्हणाला. मग त्याचं त्यालाच नवल वाटलं, कारण तो पुढे बोलत राहिला. "माझ्या वडिलांनी वेली लावल्या. तिथं, त्या वरच्या ओळी. त्यांना हीच चव हवी होती. तुम्हाला आवडली?"

"फार," पाहुणा म्हणाला. अगदी मनापासून म्हणाला. इथं त्याच्यावर अन्याय करायचा नाही. आवडली होती त्याला.

तेवढ्यात शेजारच्या घोळक्यातून कुणीतरी म्हणालं, "चामडं काय उतरलंय बघा," आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. मग त्यांतल्या एक बाई पाहुण्याकडे वळून गोड हसत म्हणाल्या, "तुम्हाला काय लागतंय?"

पाहुण्यानं पेल्याकडे पाहिलं, बुचाकडे पाहिलं नाही. पेला गोल फिरवला. एकदा, मग पुन्हा.

"यात काहीतरी गडबड आहे," तो मोठ्यानं म्हणाला. "द्राक्षाचा वास येतोय."

घोळका दोन पावलं मागे सरला. तक्रार त्याच दिवशी नोंदली गेली. साहेब आले, उरलेली बाटली सीलबंद करून घेऊन गेले. बुचाची सूट रद्द झाली. आता तो पूर्ण वेळ एकांत आहे, आणि जाणकार म्हणतात की नव्या वाइनमध्ये तो पूर्वीपेक्षा फार खोलवर जाणवतो.

तक्रारदाराचं नाव विभाग उघड करत नाही. आपणही करायला नको. त्यानं डोंगर बघितला होता, चव ओळखली होती, बुचाचं म्हणणं इथपर्यंत सगळं लक्ष देऊन ऐकलं होतं, आणि मधूनमधून हसलाही होता. माणूस चांगला आहे. नाव गुप्त राहील, निर्धास्त असा.

फक्त तो पेला आता खाली ठेवा. मघापासून फिरवताय.